पडद्यामागचं जर्मन

माझी नात पाच वर्षांची आहे, आणि तिनं माझ्याबद्दल विचारलेला पहिला प्रश्न असा होता: या ओपाला बोलता येतं का? ओपा म्हणजे जर्मन भाषेत आजोबा. प्रश्न तिनं मला नाही, तिच्या आईला विचारला, व्हिडिओ कॉलवर. माझी मुलगी हसली. काय म्हणाली, असं मी विचारलं तर "काही नाही बाबा" म्हणाली. मी हट्टच धरला तेव्हा तिनं भाषांतर करून सांगितलं.

मुलगी जर्मनीत नर्स आहे. जावई तिथलाच. तिच्या पाळ्या अशा की ती घरी पोचते तेव्हा पोर निजलेली असते, आणि पोर जागी असते तेव्हा पाळणाघरात नाहीतर बापाजवळ असते. मराठी शिकवायची राहून गेली. यावरून मी एकदा मुलीला बोललो होतो, जरा जास्तच बोललो. तिनं एवढंच विचारलं, "कधी शिकवू, बाबा?" त्यानंतर दर रविवारी मी "हॅलो बाळा" म्हणायचो, नात क्षणभर माझ्याकडे बघायची, फोन टेबलावर उताणा टाकून निघून जायची, आणि पुढची पंधरा मिनिटं मला त्यांच्या घराचं छत दिसायचं. त्या छताला कुठे भेग आहे ते मी आजही सांगू शकेन.

प्रश्न झोंबला त्याला आणखी एक कारण होतं. गोव्यात आमच्या पेडण्याच्या बाजूला गावागावातून जत्रेला देवळापुढे मराठी नाटक होतं आणि ते गावचेच लोक करतात. आमच्या गावच्या नाटकात मी पंचवीस वर्षं काम करतो आहे. राजा झालो, सेनापती झालो, मुलीला घराबाहेर काढणारा बाप तर चार वेळा झालो. चोपड्याचे लोक तर माशांची जाळी तशीच टाकून मला ऐकायला येतात, असं मी समजतो. माझी ख्याती अशी की मी वाक्याआधी थांबतो. मी थांबलो की मांडव चिडीचूप होतो आणि पहिल्या रांगेतले म्हातारे माना हलवतात. असल्या माणसाला बोलता येतं का, असं कोणी विचारावं हे मला सोसेना. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मायलेकी येणार होत्या. हातात चार महिने होते. मी जर्मन शिकायचं ठरवलं.

म्हापशाला बाजाराजवळ एका माडीवर जर्मनचा वर्ग चालतो. तिकडे शिकणाऱ्या सगळ्या नर्सिंगच्या मुली, आणि चष्म्याला दोरी लावलेला एकटा मी. शिकवणारी माझ्या मुलीहून लहान होती, डिचोलीची. मी तिला पहिल्या दिवसापासून 'बाई' म्हणू लागलो, कारण शिकवणाऱ्या बाईला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. ती मला काका म्हणायची. म्हणजे वर्गात बाईंनी काकांना ओरडायचं आणि काकांनी मान खाली घालायची, असा प्रकार सुरू झाला.

बाईंचा एका गोष्टीवर फार विश्वास होता. प्रत्येक माणसाची शिकण्याची एक रीत असते. ती आधी ओळखायची आणि मग तिच्याप्रमाणे अभ्यास करायचा. कोण डोळ्यांनी शिकतो, कोण कानांनी, कोण हातपाय हलवून. ते ओळखायला वीस प्रश्नांचा एक फॉर्म होता. घरी नवा मिक्सर आला तर तुम्ही पुस्तिका वाचता, दुसऱ्याकडून ऐकून घेता, की बटणं दाबून बघता? माझ्या घरी नवा मिक्सर आला की बायको तो माझ्या हातातून काढून घेते. असा पर्याय फॉर्मवर नव्हता. मी अंदाजानं खुणा केल्या. बाईंनी बेरीज केली आणि सांगितलं, "काका, तुम्ही डोळ्यांनी शिकणारे आहात." इतक्या वर्षांनी स्वतःची ओळख पटली म्हणून मला बरं वाटलं.

डोळ्यांनी शिकणाऱ्यानं घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. मी दोन दिवस तेच केलं. फ्रीज, घड्याळ, पंखा, रगडा, पाण्याची टाकी. मी लाल शाईनं ठळक अक्षरं काढली. बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"फ्रीजार लिवलां तां तुमकां वाचूंक येता," ती म्हणाली, "पण फ्रीजातलां दूद संपलां तां दिसणा नाय."

मी दुर्लक्ष केलं आणि फाटकावरही एक मोठा पुठ्ठा लावला, त्यावर जर्मनमधून 'फाटक'. इथे मी चुकलो. आमच्या भागात, मोरजीपासून आत येत येत, ज्या फाटकावर न समजणाऱ्या भाषेत पाटी लागते ते घर परदेशी माणसाला विकलं गेलं असं सगळे धरून चालतात. दुसऱ्या दिवशी पोदेर पाव घेऊन आला. सायकलवरून न उतरता त्यानं पुठ्ठा वाचायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे बघितलं.

"तुमीय विकलां?" तो म्हणाला. आवाज अगदी सुतकी होता.

नाही रे बाबा, मी शिकतोय, असं मी त्याला समजावलं. पण तो माझ्याआधी पंधरा घरांना पाव देऊन पुढे आणखी वीस घरांना देणार होता. संध्याकाळपर्यंत देवस्थान समितीतले दोघे येऊन गेले. तिसऱ्या दिवशी दलाल आला, आणि विहीर सामायिक आहे का विचारू लागला. बायकोनं त्याला चहासुद्धा दिला नाही. तो गेल्यावर ती बाहेर आली, पुठ्ठा काढला आणि चूल पेटवायला घेतला. चिठ्ठ्या तशाच राहिल्या, पण महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मी त्या वाचतच नाही. फ्रीज उघडणारा माणूस फ्रीजकडे बघत नसतो.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या की कदाचित मी कानांनी शिकणारा असेन. त्यांनी मोबाइलमध्ये धडे घालून दिले. एक जर्मन गृहस्थ फार सावकाश आणि प्रेमळ आवाजात स्टेशनचा रस्ता विचारतो. मी दुपारी जेवण करून व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून ऐकायचो. त्या गृहस्थाला स्टेशन सापडलं की नाही ते मला अजून माहीत नाही. मी तिसऱ्या वाक्याच्या पलीकडे कधी जागा राहिलो नाही.

जागी राहिली ती बायको. ती आत मासळी साफ करता करता ऐकत होती. एके दिवशी जेवताना तिनं मला जर्मनमधून मीठ मागितलं. मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो.

तिची गोष्टच वेगळी. ती आमोण्याची, डिचोली तालुक्यातली. लग्न होऊन इथे आली तेव्हा आमच्या घरची बोली तिच्या माहेरच्या बोलीपेक्षा थोडी निराळी होती, आणि माझ्या आईनं एखादी वस्तू एकदा मागितली की ती दुसऱ्यांदा मागत नसे. बायको आठ दिवसांत शिकली. तिला शिकण्याची रीत सापडायला फॉर्म लागला नव्हता, माझी आई पुरली. आता विहीणबाईंबरोबर तिचं असंच चाललं होतं. जावयाची आई आणि ही, दोघी व्हिडिओ कॉलवर एकमेकींना भाज्या दाखवायच्या. ही भेंडी वर धरायची, ती गाजर वर धरायची, दोघी नाव सांगायच्या आणि हसायच्या. व्याकरणाचा पत्ता नाही. चाळीसेक शब्द झाले होते तिचे, आणि ती ते न लाजता कुठेही टाकायची. मला राग यायचा. मी बसचे धक्के खात म्हापशाला जात होतो आणि इथे भेंडीवर जर्मन येत होतं.

शेवटी बाईंनी तिसरी रीत दिली, हातापायांची. वाक्य म्हणायचं आणि ते करूनही दाखवायचं. मी उठतो. मी दार उघडतो. मी खिडकीकडे जातो. मी हे अंगणात करायचो, कारण घरात बायको हसायची. शेजारी नवं घर बांधायचं काम चाललं होतं. परांचीवर बेळगावकडचा एक गवंडी होता. मी मोठ्यानं काहीतरी म्हणत उठतो, चार पावलं जातो, परत येऊन बसतो, हे त्यानं तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी तो खाली उतरला आणि अदबीनं विचारलं, "काका, डॉक्टरांनी सांगितलंय काय?"

मी सगळं सांगितलं. त्याला घरी कन्नड आणि मराठी, इथे येऊन कोंकणी, ठेकेदाराशी हिंदी. तू कसा शिकलास, मी विचारलं.

"सिमेंट संपलं की येते भाषा," तो म्हणाला आणि वर चढला.

चवथीला महिना राहिला होता आणि मला घड्याळ, फाटक आणि 'मी उठतो' एवढंच येत होतं. त्या रविवारी नातीनं फोन उताणा टाकला तेव्हा मी छताकडे बघत 'मी उठतो' असं जर्मनमधून म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मला खरोखर वाईट वाटलं. ही पोर येईल, पंधरा दिवस माझ्या घरात हिंडेल आणि मला एका खुर्चीसारखं ओलांडून जाईल, अशी भीती मनात बसली.

अशा वेळी आमचा प्रॉम्प्टर आला. हा निवृत्त पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं वाचली, त्यामुळे कसलंही हस्तलिखित कंदिलाच्या उजेडातही न अडखळता वाचतो. आमच्या नाटकाला पंचवीस वर्षं विंगेत वही घेऊन तोच बसतो. मी त्याला माझ्या तिन्ही रीती आणि त्यांचा निकाल सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हजे बगर तुजां एक तरी वाक्य आयलां, अरे? आजमेरेन?" म्हणजे त्याच्याशिवाय, आजपर्यंत.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझं ते प्रसिद्ध थांबणं म्हणजे अभिनय नाही. मला वाक्य आठवत नसतं. प्रॉम्प्टरनं विंगेतून पहिले दोन शब्द टाकले की मग उरलेलं आपोआप बाहेर पडतं, आणि ते दोन शब्द कानात पोचेपर्यंत मी डोळे मोठे करून उभा असतो. लोक माना हलवतात. हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. बायकोलाही असावं, पण ती बोलली नाही कधी.

म्हणजे माझी रीत फॉर्ममध्ये नव्हतीच. मला कोणीतरी आधी सांगावं लागतं.

मग मी शंभर पानी वही आणली आणि नाटक लिहिलं. अंक पहिला, आगमन. अंक दुसरा, भोजन. अंक तिसरा, निरोप. दोनच पात्रं: आजोबा आणि नात. नातीची वाक्यं काळ्या शाईनं, माझी लाल. 'प्रवास कसा झाला?' 'छान झाला ओपा, पण मी दमले.' 'मग ये, माझ्याजवळ बस.' बाईंनी ते जर्मनमध्ये करून दिलं, मी देवनागरीत उतरवलं आणि वही प्रॉम्प्टरच्या स्वाधीन केली. बाईंनी फक्त एक शंका काढली. "काका, समोरचं पात्र आपली वाक्यं घेईल ना?" मी म्हणालो, "घेणारच. तिच्याच भाषेत लिहिली आहेत."

तालमी माझ्या घरी झाल्या. नातीचं काम बायकोनं केलं आणि वाट लावली. 'पण मी दमले' म्हणायचं तिथे ती कांद्याचा भाव विचारायची. वहीत नाही ते बोलू नको, असं मी तिला दहा वेळा बजावलं. "पोर वही वाचून येतली?" ती म्हणाली. पण प्रॉम्प्टर खूश होता. अर्थ एकाही शब्दाचा त्याला कळत नव्हता, तरी आवाज असा टाकायचा की मी धडाधड बोलत सुटायचो.

चवथीच्या आदल्या दिवशी त्या मोप्याच्या विमानतळावर उतरल्या आणि दुपारपर्यंत घरी पोचल्या. गणपतीच्या जागेवर मी माटोळी बांधून तयार ठेवली होती. माटोळी म्हणजे वर टांगलेली लाकडी चौकट. तिला नारळ, सुपारीचे कातरे, तोरंजनं, आंबाडे आणि रानातली नाना फळं लटकवतात. प्रॉम्प्टर आतल्या दाराच्या पडद्यामागे वही घेऊन उभा होता. मी नवा सदरा घालून मधोमध. नात आत आली, पायांतले बूट न काढता उभी राहिली. पडद्यामागून दोन शब्द आले आणि मी खणखणीत आवाजात विचारलं, प्रवास कसा झाला?

नातीनं आपलं वाक्य घेतलं नाही. ती माटोळीखाली गेली, मान वर केली, लालभडक कवंडळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "वास इस्ट दास?" म्हणजे, हे काय आहे.

वहीत हे नव्हतं. मी थांबलो. पंचवीस वर्षांत थांबलो नसेन इतका थांबलो. पडद्यामागे पानांची फडफड ऐकू येत होती, अंक पहिला, अंक दुसरा, अंक तिसरा. मुलगी तोंडावर हात धरून उभी. नातीनं प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी माझ्याकडे बघून. तिच्या डोळ्यांत तो पहिला प्रश्न मला स्पष्ट दिसला.

तेवढ्यात पडद्यामागून प्रॉम्प्टर कुजबुजला, "कवंडळ."

"कवंडळ," मी म्हणालो.

"कवंडळ," नात म्हणाली. मग तिनं पडद्याकडे बघितलं. कुजबुज तिलाही ऐकू आली होती. ती गेली, पडदा बाजूला केला, आणि वही छातीशी धरलेला एक टकल्या म्हातारा बघून इतकी हसली की खालीच बसली. हा इथे काय करतो, असं तिनं आईला विचारलं. ओपानं काय बोलायचं ते हा सांगतो, असं आईनं खरं ते सांगून टाकलं. नातीनं जरा विचार केला. मग ती उठली, मला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, स्वतः खुर्चीच्या मागे उभी राहिली आणि माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी जर्मन कुजबुजली. मी ते मोठ्यानं म्हणालो. तिला हवं होतं तेच.

अशा रीतीनं आमच्या प्रॉम्प्टरची पंचवीस वर्षांची जागा एका दुपारी गेली. तो थोडा हिरमुसला, पण चवथीच्या चार नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खाऊन मग गेला.

पुढचे पंधरा दिवस हेच चाललं. ती बोट दाखवायची, मी तिच्या कानात आमचा शब्द सांगायचो, ती तो घरभर ओरडत फिरायची. मग मी बोट दाखवायचो आणि ती माझ्या कानात सांगायची. मोठ्यानं सांगितलेलं चालत नसे, कुजबुजच लागे, आणि शब्द घेण्याआधी डोळे मोठे करून थांबावंही लागे. हे माझं पाहून तिनं उचललं होतं. बायको म्हणाली, "नाटकी खानदान." मी म्हापशाच्या बाईंना फोन केला आणि माझी रीत सापडल्याचं सांगितलं. फॉर्मवर काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा, कानाशी.

निघायच्या दिवशी विमानतळाच्या काचेच्या दारापाशी आम्ही उभे होतो. अंक तिसरा मी आदल्या दिवशी पुन्हा पाठ केला होता. पण तोंडून एक अक्षर निघेना, आणि या वेळी त्यात विसरण्याचा भाग कमीच होता. नातीनं माझा सदरा ओढला. मी वाकलो. ती कानात म्हणाली, लवकर परत ये. जर्मनमध्ये, सावकाश, मला झेपेल असं. माझ्या वहीत हेच वाक्य होतं, तिसऱ्या अंकात, लाल शाईनं, पण ती वही तिनं कधी ऐकली नव्हती. मी ते मोठ्यानं म्हणालो.

मग ती डोळे मोठे करून थांबली. आता तिचं वाक्य होतं आणि ते तिला माहीत नव्हतं. आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. मी तिच्या कानात सांगितलं.

"येतां," ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की रांगेतले लोक वळून बघू लागले.

दारावर पोलीस पासपोर्ट बघत होता. नात त्याला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगू लागली, बराच वेळ. मुलगी हसली, आणि या वेळी मी न विचारताच तिनं मागे वळून मला सांगितलं. "ती सांगते, तो माझा ओपा आहे. त्याला बोलता येतं. फक्त आधी सांगावं लागतं."

पोलिसानं माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्या दोघी आत गेल्या आणि बायकोनं माझ्या हातात रुमाल दिला.